एकच बूट, दोन कामं: शिकारीला आणि फवारणीला काय घालावं?

रात्रपाळी

गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराच्या सुमारास ओढ्याकाठाने डुकराचा माग काढत होतो. उजव्या पायाखाली फतक् फतक् असं काहीतरी वाजायला लागलं. वाटलं, चिखलाचा गोळा चिकटला असेल. बॅटरी मारली तर सोल पुढून सुटून जबड्यासारखा उघडलेला. आणखी चार पावलं टाकली आणि आख्खाच निघाला. सोल आणि चामडं यांच्यामध्ये जो थर असतो तो बोटाने दाबला की भुगा होत होता, जुन्या उशीतल्या स्पंजासारखा. हे बूट सहा वर्षांपूर्वी घेतलेले, पण घातले असतील जेमतेम पंधरा वेळा. बाकीचा सगळा काळ प्लास्टिकच्या पिशवीत, खोक्यात, अगदी जपून ठेवलेले. नाडी सोडून सोल पायाला बांधला आणि दोन किलोमीटर तसाच फरफटत आलो.

आता सगळंच नव्याने घ्यायचंय, म्हणून हा धागा. माझी कामं दोन. परवाना काढून शिकार करतो, ती बहुतेक रात्री किंवा पहाटे. दुसरं म्हणजे शेतं, गोठे आणि गोदामांतून उंदीर, घुशी, वाळवी आणि किड्यांचा बंदोबस्त. त्यात फवारणी आली, सापळे आले, माळ्यावर चढणं आणि बिळांपाशी गुडघे टेकून बसणं आलं. दोन्हीकडे चिखल, काटे आणि ओलावा आहेच. मग दोन्हीला चालतील असे बूट, एक पँट आणि एक जाकीट, एवढ्यात भागेल का? बूट घेताना नक्की काय तपासायचं? 'अमुक कंपनीचे घ्या' याच्यापलीकडे काही सांगा.

संपादक

शिकार करावी की करू नये हा वाद घालायचा असेल तर त्यासाठी वेगळा धागा काढा. इथले तसे प्रतिसाद उडवले जातील.

शंकासुर

सहा वर्षांत पंधरा वेळा घातले आणि टिकले नाहीत म्हणून रडताय? बूट चालायला घेतले होते की पूजेला?

आरी_आणि_दोरा

शंकासुर चेष्टा करतायत, पण दुखणं नेमकं तेच आहे. रात्रपाळी, तुमचे बूट न घातल्यामुळेच गेले.

मी बूट दुरुस्त करतो, तीस वर्षं होऊन गेली. असा भुगा झालेला जोड दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी घेऊन येतं आणि प्रत्येकाचं वाक्य एकच असतं: "अहो, नवे कोरे आहेत हो!" मधला जो मऊ थर आहे तो पॉलियुरेथेनचा. हलका, उशीसारखा, चालायला झकास. पण हवेतली आर्द्रता हळूहळू त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडते. याला हायड्रोलिसिस म्हणतात. बूट वापरात असला की तो थर दबतो, सुटतो, आतली दमट हवा बाहेर पडते. पिशवीत कोंडलेला बूट मात्र आपल्याच वाफेत कुजत राहतो. पाच ते दहा वर्षांत हे होतं, चालला असाल वा नसाल. घेताना मधला थर कशाचा आहे ते विचारा. रबर किंवा ईव्हीए (हलकं, फोमसारखं प्लास्टिक) असेल तर हा त्रास नाही. ईव्हीए दबून चपटं होतं, पण भुगा होत नाही. आणि पॉलियुरेथेनचेच घेतलेत तर उघड्यावर ठेवा आणि महिन्यातून एकदा तरी घालून फिरा.

दुसरी गोष्ट, सोल कसा बसवलाय. सर्रास पद्धत म्हणजे नुसता डिंकाने चिकटवलेला. तो वाईटच असतो असं नाही. चांगल्या गोंदाने आणि दाबाने चिकटवलेला सोल वर्षानुवर्षं हलत नाही. मात्र एकदा सुटला की दुरुस्ती बहुतेक मलमपट्टीच ठरते. दुसरी पद्धत आतून आरपार टीप घालण्याची. बूट हलका आणि लवचिक होतो, पण टिपेच्या भोकांतून पाणी वर चढतं. तिसरी वेल्टची. वरच्या चामड्याच्या कडेला चामड्याची पट्टी शिवतात आणि सोल त्या पट्टीला शिवतात. सोल झिजला की पट्टीची टीप उसवायची, नवा सोल शिवायचा, वरच्या चामड्याला हातही लागत नाही. हे यंत्रावर शिवता येऊ लागलं ते १८७० च्या आसपास, चार्ल्स गुडइयर या धाकट्यामुळे. थोरल्या गुडइयरने १८४४ मध्ये रबर पक्कं करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं. बापाचं रबर आणि मुलाची शिवण, आमचा धंदा या दोघांवर चाललाय.

एक सावधगिरी. हल्ली चिकटवलेल्या सोलच्या कडेवर शोभेची टीप घालतात. बूट उलटा करून बघा. कडेवर टाके आहेत आणि खाली, खाचेत किंवा तळाला, त्यांचा मागमूस नाही, तर ते टाके दिखाऊ.

तुमच्या जुन्या जोडाचं वरचं चामडं शाबूत असेल तर फेकू नका. भुगा झालेला थर पूर्ण खरवडून काढून त्या जागी ईव्हीए किंवा रबर बसवता येतं.

रात्रपाळी

आरीकाका, लाखमोलाचं बोललात. चामडं शाबूत आहे. घेऊन जातो कुणाकडे तरी. पण चामडं चांगलं की वाईट हे दुकानात कसं ओळखायचं? सगळ्यांवर 'अस्सल चामडे' असाच शिक्का असतो.

आरी_आणि_दोरा

त्या शिक्क्याला काडीची किंमत नाही. कातडीचा खालचा थर वेगळा काढून त्यावर प्लास्टिकचा लेप दिला तरी तो 'अस्सल चामडे'च.

अंगठ्याने दाबा. वरचा मूळ पोत राखलेलं चामडं असेल तर अंगठ्याभोवती बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या पडतात आणि अंगठा उचलला की हळूहळू विरतात. लेपाचं असेल तर एकतर सुरकुती पडत नाही, नाहीतर कागदासारखी एकच सरळ घडी पडते. ती घडी बोटांमागे, जिथे पाय वाकतो, तिथेच सहा महिन्यांत तडकते. रानात घालायला दोन ते अडीच मिलिमीटर जाडी पुरते.

मग शिवणी मोजा. जितके तुकडे कमी तितक्या फाटायच्या जागा कमी. पाय वाकतो तिथे शिवण नको. जीभ दोन्ही बाजूंनी शिवून बंद केलेली हवी, नाहीतर कुसळं आणि पाणी तिथूनच आत. नाडीची कडी नुसती चामड्यात ठोकलेली असेल तर ती उपटून येते, मागे दुसरा थर हवा.

वाळवीताई

थांबा, थांबा. बुटांच्या नादात मूळ प्रश्न राहिला. तुम्ही हेच चामडी बूट फवारणीला घालणार आहात का?

एकोणीस वर्षं मी कीडनियंत्रणात आहे. सुरुवातीला जिथे होते तिथे फवारणीसाठी वेगळं काही देत नसत, 'घरचे जुने बूट घाला' म्हणत. मी चामडी घातले. दोन-तीन आठवड्यांनी पाऊल चुरचुरायला लागलं, बोटांमधली कातडी सोलवटली. साबण बदलला, मोजे बदलले, काही फरक नाही. मग एका जुन्या जाणत्या सहकाऱ्याने बूट नाकाशी नेला आणि म्हणाला, "हे औषध तू रोज पायात घालतेस." चामडं औषध शोषतं आणि धरून ठेवतं. ते धुऊन निघत नाही. पाऊल घामेजलं की तेच परत कातडीला लागतं. म्हणून कीटकनाशकाच्या कामाला चामडं वर्ज्य. बूटच नाही, कमरेचा पट्टा आणि घड्याळाचा पट्टासुद्धा. चामड्यावर तीव्र औषध सांडलं तर ती वस्तू टाकूनच द्यायची.

त्या कामाला रबरी बूट, आतून अस्तर नसलेले. कापडी अस्तर असेल तर वरून गेलेलं औषध तिथे मुरतं. बूट पोटरीपर्यंत हवा आणि पँट बुटाच्या बाहेर. पँट आत खोचली की मांडीवरून ओघळलेला थेंब थेट बुटात जातो आणि तासन्‌तास तिथेच राहतो.

पायवाट

ताई, हे वाचून मी गोंधळले! मी माग काढायला जाते तिथे गोचीड प्रचंड. आम्हाला पहिला नियम शिकवला तो असा, की पँट मोज्यांच्या आत खोचायची. गोचीड गवताच्या टोकावर बसलेली असते, पायाला लागते आणि वर चढत जाते. पँट बाहेर सोडली की ती आतून गुडघ्यामागे, जांघेत पोचते. मोज्यात खोचली की कापडावरूनच चढावं लागतं आणि फिकट पँटवर ती दिसते तरी.

वाळवीताई

गोंधळ नाहीच. तुमच्याकडचा त्रास खालून वर चढतो, माझ्याकडचा वरून खाली ओघळतो.

हातमोज्यांचंही तसंच. जमिनीकडे फवारताना बाही हातमोज्याच्या वरून घ्यायची. छताकडे, डोक्याच्या वर फवारताना हातमोजा बाहीच्या वरून आणि त्याची कड बाहेर दुमडायची, म्हणजे हातावरून येणारा ओघळ त्या दुमडीत अडकतो. हातमोजे नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे), बिनअस्तराचे, आणि काढण्याआधी हातातच धुवायचे. अपवाद अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या, धुरी देण्याच्या गोळ्यांचा. तिथे कोरडे सुती हातमोजे घाला असं लेबलच सांगतं, कारण त्या गोळ्या ओलावा लागला की विषारी वायू सोडतात आणि रबरी हातमोज्यात घाम साचतो. प्रत्येक औषधाचं लेबल वेगळं. ते आधी वाचायचं, मग कपडे चढवायचे.

शंकासुर

म्हणजे एका जोडात भागेल का या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं झालं. धागा बंद करू या?

मेणकापड

बंद कशाला, अजून जाकीट बाकी आहे!

माझं आयडी बघून कळलंच असेल. मेण दिलेलं सुती कापड. याचं मूळ जहाजांच्या शिडात. शिडं जवसाच्या तेलात भिजवली की वारा चांगला धरतात हे खलाशांच्या लक्षात आलं आणि जुन्या शिडाचेच त्यांनी अंगरखे शिवले. जवसाचं तेल कालांतराने पिवळं पडून कडक व्हायचं, पुढे त्याची जागा पॅराफिन मेणाने घेतली. माझं जाकीट चौदा वर्षांचं आहे. बाभळीच्या काट्यातून गेलं, कुंपणाच्या तारेवर अडकलं, दोन ठिकाणी ठिगळ आहे. काटा ओढला की नायलॉनचा धागा निघतो, मेणकापडाला नुसता ओरखडा उठतो आणि अंगठ्याने चोळला की तोही मिटतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते खसखसत नाही.

निगा एवढीच. यंत्रात टाकायचं नाही, साबण नाही, गरम पाणी नाही. गार पाण्याच्या बोळ्याने पुसायचं. वर्षातून एकदा मेणाचा डबा गरम पाण्यात ठेवून पातळ करायचा, फडक्याने चोळायचं. शिवणी, खांदे आणि कोपराच्या घड्या यांना दुप्पट. मग केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा मारायची. मेण कापडात उतरताना त्याचा रंग डोळ्यांदेखत गडद होत जातो. ते बघायला मला अजूनही मजा येते. बायको म्हणते, एवढा वेळ माझ्यापाशी बसत नाहीस.

शंकासुर

वजन सांगा की. आणि उकाड्यात कसं वाटतं तेही. आणि गाडीच्या सीटला लागणारं मेण.

मेणकापड

जड आहे. उकडतं. सीटवर जुनी चादर टाकतो. तीनही आरोप मान्य.

वाळवीताई

आणि चौथा: फवारणीला ते घालू नका. तेलात कालवलेली औषधं मेणात उतरतात आणि धुता तर येतच नाही. आग आणि शेकोटीपासूनही लांब.

फवारणीला धुता येतील असे पूर्ण बाह्यांचे साधे कपडे किंवा एकसंध डगला. औषध मिसळताना त्यावर रबरी एप्रन, कारण पातळ न केलेलं औषध अंगावर उडण्याची भीती तेव्हाच जास्त. हे कपडे घरच्या धुण्यात मिसळायचे नाहीत. वेगळे, गरम पाण्यात, दोनदा धुवायचे, मग यंत्र एकदा रिकामं फिरवायचं आणि कपडे उन्हात टाकायचे. तीव्र औषधाने भिजलेला कपडा धुण्याच्या भानगडीत पडू नका, टाकून द्या.

पायवाट

धुण्याचा विषय निघालाच आहे तर शिकारवाल्यांसाठी. बाजारातल्या बऱ्याच साबणपुडीत कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून चमक आणणारी द्रव्यं असतात. ती अतिनील प्रकाश घेऊन निळसर चमक सोडतात. हरणाला लाल-नारिंगी नीट दिसत नाही, त्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या. पण निळा आणि अतिनीलकडचा भाग त्याला आपल्यापेक्षा बरा दिसतो. म्हणजे झाडपाल्याच्या नक्षीचं महागडं जाकीट घ्यायचं आणि चमकदार साबणात धुवायचं, की पहाटेच्या उजेडात आपण हरणाला उठून दिसणार. निळी जीन्सही त्याच कारणाने नको. आणि नारिंगी टोपी-जाकिटाला नाक मुरडणाऱ्यांनो, तो रंग हरणाला मळकट दिसतो आणि दुसऱ्या बंदुकवाल्याला लांबूनही दिसतो. कित्येक ठिकाणी तो कायद्यानेच सक्तीचा आहे.

डुकराचं वेगळं. त्याची नजर बेताची, नाक भयंकर. त्याच्यासाठी नक्षीपेक्षा वाऱ्याची दिशा बघा. आणि आवाज बघा! जाकीट घेताना दुकानात बाही अंगावर घासून ऐकते मी. लोक वळून बघतात, बघू देत. कडक, लेप दिलेलं कापड रात्रीच्या शांततेत चुरचुर वाजतं. खिशाला चिकटपट्टी (वेल्क्रो) नको, बटण हवं. ऐन वेळी चर्र आवाज झाला की जनावर गेलंच.

रात्रपाळी

चिकटपट्टीचं पटलं, तसंच एक डुक्कर घालवलंय. आता जलरोधक पापुद्र्याबद्दल सांगा. दुकानदार म्हणतो, बुटात आणि जाकिटात तो हवाच.

शंकासुर

'श्वास घेणारं' कापड म्हणे. मी चढण चढलो की मी श्वास घेतो, जाकीट घेत नाही. आतून घामाने चिंब.

आरी_आणि_दोरा

दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. १९६९ मध्ये रॉबर्ट गोअर यांनी तापवलेल्या पीटीएफईच्या, म्हणजे टेफ्लॉनच्या, कांडीला हिसका मारला. ती तुटण्याऐवजी कितीतरी पट लांब झाली आणि असंख्य सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा हाती आला. छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा खूपच लहान आणि वाफेच्या रेणूपेक्षा मोठी. म्हणून पाऊस आत येत नाही आणि घामाची वाफ बाहेर जाते. पण वाफ जायला आतबाहेर फरक लागतो. बाहेरची हवाच दमट असेल किंवा वरचं कापड भिजून पाण्याने झाकलं गेलं असेल, तर ती जाणार कुठे? म्हणून वरच्या कापडावरून पाणी मोत्यासारखं घरंगळतंय ना, हे बघत राहायचं. ते थांबलं की जाकीट नीट धुवा, कपडे मऊ करणारं द्रावण न घालता, आणि पाणी झटकणारा लेप पुन्हा द्या. मळामुळेच तो लेप निकामी झालेला असतो.

जाकिटावर जो मिलिमीटरचा आकडा असतो, १०,००० वगैरे, तो पाण्याच्या स्तंभाची उंची. तेवढ्या उंच पाण्याचा दाब कापड सोसतं असा अर्थ. उभ्याने पावसात हा दाब भरपूर झाला. पण ओल्या जमिनीवर गुडघा टेकलात की त्या एवढ्याशा जागेवर सगळं वजन येतं. म्हणून गुडघे आणि बैठक आधी पाझरतात. तुम्ही बिळांपाशी गुडघ्यावर बसता म्हणालात, तर गुडघ्याला दुहेरी कापड आणि आत गादी सरकवायला खिसा असलेली पँट बघा.

बुटातल्या पापुद्र्याबद्दल माझं मत वेगळं आहे. दव, ओलं गवत, उथळ ओहोळ, इथपर्यंत तो उत्तम. पण एकदा पाणी वरून आत गेलं की तोच पापुद्रा ते पाणी बाहेर जाऊ देत नाही. चामडं आणि पापुद्रा दोन्ही असलेला भिजलेला बूट वाळायला दोन-दोन दिवस घेतो. सारखं पाण्यात उतरणार असाल तर रबरी बूट घ्या. कोरड्या रानात असाल तर बिनपापुद्र्याचं जाड चामडं. पापुद्रा या दोघांच्या मधल्या माणसासाठी.

मेणकापड

अवांतर: पापुद्रा यायच्या कितीतरी आधी नुसत्या सुती कापडाने हे जमवलं होतं. दुसऱ्या महायुद्धात गार समुद्रात पडणाऱ्या वैमानिकांसाठी व्हेंटाइल नावाचं कापड विणलं. लांब धाग्याचा कापूस, वीण इतकी घट्ट की पाणी लागल्यावर धागे फुगतात आणि मधल्या फटी आपोआप मिटतात. कुठलाही पापुद्रा नाही. खसखसही नाही. आजही मिळतं.

पायवाट

आतले कपडे कुणी बोललंच नाही. थंडीत सुती बनियन अंगाशी नको. घामाने भिजतं आणि भिजलेलंच राहतं. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढतं. लोकर आपल्या वजनाच्या साधारण ३० टक्के ओलावा पोटात घेऊन अंगाला ओली लागत नाही, आणि वासही कमी धरते. मोजे तर लोकरीचेच.

रात्रपाळी

पँटच्या कापडाचं काय? एकावर ५०० डेनियर लिहिलं होतं.

आरी_आणि_दोरा

९,००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितके डेनियर. म्हणजे धाग्याची जाडी. आकडा मोठा तितकं कापड झिजेला दणकट, पण कडक आणि गोंगाटीही. आख्खी पँट त्याची नको. मांड्यांपुढे आणि घोट्याच्या आतल्या बाजूला, जिथे काटे आणि दुसरा बूट घासतो, तिथे पुरे.

पँट उलटी करून शिवण बघा. कापड नवं असताना सगळंच दणकट दिसतं, उसवते ती शिवण. दुमडून घातलेली तिहेरी टीप हवी. जांघेत चार शिवणी एका बिंदूत मिळत असतील तर खाली बसताना तिथेच फाटणार. त्या जागी हिऱ्याच्या आकाराचा वेगळा तुकडा जोडलेला असेल तर ती पँट शिवणाऱ्याने माणूस बसतो हे लक्षात घेतलंय. खिशाच्या कोपऱ्यांवर आडवी दाट टीप आहे का तेही बघा. चेन मोठ्या प्लास्टिक दातांची.

वाळवीताई

रबरी बुटांवर दोन शब्द, कारण लोक ते 'कसेही चालतील' म्हणून घेतात. पीव्हीसीचे गार पडले की कडक होतात आणि घोट्याशी तडकतात. नैसर्गिक रबर मऊ राहतं, पण ऊन आणि ओझोन त्याचे शत्रू. विजेची मोटर चालते त्या खोलीत ठेवू नका. घोट्याशी घडी पाडून बघा, जाळीसारख्या बारीक भेगा दिसल्या तर फवारणीतून ते बाद. तुम्ही माळ्यावर आणि भंगारात चढता म्हणून 'एस५' खुणेचे बघा. ती सुरक्षा-बुटांच्या ईएन आयएसओ २०३४५ या मानकातली खूण. सगळा बूट रबराचा किंवा पॉलिमरचा, पुढे २०० ज्यूलचा आघात सोसणारी टोपी आणि तळव्यात खिळा आरपार जाऊ न देणारा थर. खिळा पायात गेलेल्या माणसाला गोदामातून उचलून नेलंय मी.

आणि उंदरांचं काम हलकं समजू नका. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. जंतू ओल्या जागी टिकतो आणि पायाच्या भेगेतून, फोडातून शरीरात शिरतो. साचलेल्या पाण्यात चपलेने किंवा गळक्या बुटाने उतरायचं नाही. पायावर जखम असेल तर आधी जलरोधक पट्टी.

पायवाट

फोडावरून आठवलं. बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय सुजलेला असतो. रानात घालाल तेच मोजे घालून जा. नाडी न बांधता पाय पुढे सरकवा, टाचेमागे एक बोट जायला हवं. मग नाडी बांधून उतारावर चाला. बोटं पुढे टेकली तर तो माप तुमचा नाही, दुकानदार काहीही म्हणो. 'वापरून सैल होतील' हे रुंदीला खरं आहे, लांबीला नाही.

शंकासुर

मान्य. माझी अंगठ्याची दोन नखं त्या वाक्यावर गेली आहेत.

आरी_आणि_दोरा

माप बरोबर असेल तर सोलची नक्षी बघा. खोल आणि मोकळी हवी, म्हणजे चिखल आपोआप झडतो. दाटीवाटीची नक्षी चार पावलांत भरते आणि सोल गुळगुळीत होतो. रबराचा खाचेदार सोल आणला तो व्हिताले ब्रामानी यांनी. १९३५ मध्ये आल्प्समध्ये त्यांचे सहा साथीदार गेले, पायात पुरेसे बूट नव्हते हे त्यांना लागून राहिलं आणि १९३७ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. व्हिब्रम हे नाव त्यांच्याच नाव-आडनावातून आलंय.

भिजलेला चामडी बूट शेकोटीपाशी ठेवू नका, एवढं पाळलंत तरी माझी निम्मी गिऱ्हाइकं कमी होतील. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन-तीन तासांनी बदला, सावलीत ठेवा. पूर्ण सुकला की तेल-मेण, तेही बेताने.

रात्रपाळी

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय.

जुन्या जोडाला रबराचा मधला थर बसवून घेतला. दुरुस्त करणाऱ्याने आधी नाक मुरडलं, मग आरीकाका म्हणाले तसं सगळं खरवडून काढलं. चार रात्री घातला, ठणठणीत. म्हणजे शिकारीला नवा जोड घ्यावाच लागला नाही. फवारणीला एस५ चे रबरी बूट घेतले. त्यांच्या टाचेला लाल पट्टी चिकटवलीय आणि ते वेगळ्या खोक्यात, हातमोजे आणि डगल्याबरोबर राहतात. हे खोकं घरात येत नाही. गुडघ्याला खिसे असलेली पँट मिळाली, पण जांघेतला तुकडा असलेली माझ्या मापात नव्हती. बघू किती टिकते. जाकीट अजून ठरत नाहीये.

आणखी एक. गोचिडीसाठी शिकारीच्या पँटवर परमेथ्रिन हे कीटकनाशक मारलंय.

वाळवीताई

अंगात असताना नाही ना मारलंत? कातडीवर नाही, कापडावरच. टांगून, मोकळ्या हवेत, पूर्ण वाळू द्यायची. घरी मारलेलं साधारण सहा धुण्यांपर्यंत टिकतं. घरात मांजर आहे का? ओलं परमेथ्रिन मांजराला जीवघेणं असतं.

रात्रपाळी

टांगूनच मारलं. पँट मागच्या दोरीवर आहे, अजून ओलसर आहे. मांजर आहे. आत्ता ते बरोबर त्या पँटखालीच बसून लोंबणाऱ्या नाडीकडे बघतंय.

वाळवीताई

टायपत काय बसलात? उठा आणि मांजर आत घ्या!

रात्रपाळी

घेतलं. ओरबाडलं मला, पण घेतलं.